पंचतारांकित खेळाडू आणि विजयी संघ



या वर्षीचा माझा विषय मी कळविला तेव्हा व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी तो माझ्याकडून दोनदा विचारून घेतला. या मांडवात ज्ञानेश्वरीवर बोलणे होते, साखर कारखान्यांवर होते, पाण्याच्या प्रश्नावर होते. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलवर कोणी बोलल्याचे आपल्यातल्या जुन्याजाणत्या श्रोत्यांनाही आठवत नसेल. तेव्हा आधी खेळाची थोडी ओळख करून देतो, आणि मग माझ्या प्रश्नाकडे वळतो.

हा आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि तो बहुतांशी हातांनीच खेळावयाचा. प्रत्येक बाजूला अकरा गडी. चढाई करणाऱ्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे. सरकता आले नाही तर चेंडू दुसऱ्याच्या हाती जातो. चढाईचे अकरा गडी वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे, म्हणजे मुख्य गडीच बावीस झाले. रांगेत समोरासमोर भिडणारे गडी एकेक सव्वाशे-दीडशे किलो वजनाचे असतात. त्यांच्यामागे उभा राहून, चेंडू कोणाला द्यावयाचा हे दोन-तीन सेकंदांत ठरविणारा जो गडी, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. हा शब्द मात्र ध्यानात ठेवा, तो पुढे वारंवार येणार आहे.

रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत ६ नोव्हेंबर १८६९ रोजी पहिला सामना झाला, असे तिकडे मानतात. तेव्हापासून हा खेळ विद्यापीठांशी जो जखडला गेला तो आजतागायत. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाख सात हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. शनिवारी सामना असला की एरवीचे शांत विद्यापीठ-गाव जत्रेसारखे फुलून येते. आपल्याकडची जी मुले तिकडे शिकावयास जातात, तीही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या रंगाचा सदरा घालून त्या गर्दीत जाऊन बसतात, हे आपल्यापैकी काही पालकांनी छायाचित्रांत पाहिले असेल. व्यावसायिक फुटबॉलचे संघ वेगळे आहेत, बत्तीस आहेत. पण त्यांना खेळाडू मिळतात ते या महाविद्यालयांतूनच, आणि नियम असा की हायस्कूल सोडून तीन वर्षे झाल्याखेरीज व्यावसायिक संघाने मुलाला घ्यावयाचे नाही. त्यामुळे सतरा-अठरा वर्षांच्या उत्तम मुलाला महाविद्यालयाच्या संघावाचून दुसरा मार्गच नसतो.

आता प्रश्नाकडे येऊ. अमेरिकेत हायस्कुलात फुटबॉल खेळणारी सुमारे दहा लाख मुले आहेत. त्यांतून वरच्या श्रेणीची एकशे तीसहून अधिक विद्यापीठे दर वर्षी प्रत्येकी वीस-पंचवीस मुले निवडतात. या मुलांचे मोल करणाऱ्या संस्था आहेत. ट्वेंटीफोर-सेव्हन स्पोर्ट्स, रायव्हल्स, ईएसपीएन ही त्यांतली ठळक नावे. त्यांचे जाणकार मुलाचा खेळ पाहतात, चित्रफिती पाहतात, उंची, वजन आणि धावण्याचा वेग मोजतात, आणि त्याला दोनपासून पाचपर्यंत तारे देतात. पंचतारांकित म्हटले की आपल्याला हॉटेल आठवते. तिकडे या एका शब्दाने सतरा वर्षांच्या पोराचे भवितव्य सांगितले जाते. पाच तारे वर्षाला तीस-बत्तीस मुलांनाच मिळतात. ट्वेंटीफोर-सेव्हन स्पोर्ट्सने बत्तीस हा आकडा मुद्दाम धरला आहे, कारण व्यावसायिक संघांच्या निवडीच्या पहिल्या फेरीत जागा बत्तीसच. म्हणजे पाच तारे देणारा सांगत असतो की, हा मुलगा तीन-चार वर्षांनी देशातल्या पहिल्या बत्तिसांत येईल असा आमचा अंदाज आहे. चार तारे तीन-चारशे मुलांना मिळतात. बाकीची हजारो तीन आणि दोन ताऱ्यांवर, आणि काहींच्या नावापुढे काहीच नाही.

हे तारे खरे ठरतात काय? ज्या विद्यापीठाने अधिक तारे गोळा केले ते जिंकते काय? यावर तिकडे चहाच्या पेल्यापासून वर्तमानपत्रापर्यंत वाद चालतो, आणि त्यात दोन तट आहेत. एक म्हणतो, तारे म्हणजे सर्व काही. ज्याची भरती चांगली त्याचा संघ चांगला. दुसरा म्हणतो, तारे हा सारा बाजार आहे. परिश्रम आणि शिकवण हेच खरे.

दुसऱ्या तटाजवळ गोष्टी फार सुंदर आहेत. ॲरन रॉजर्सला हायस्कुलातून निघाल्यावर वरच्या श्रेणीतल्या एकाही विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ केली नाही. तो ब्यूट नावाच्या दोन वर्षांच्या महाविद्यालयात गेला, तेथून कॅलिफोर्निया विद्यापीठात, आणि पुढे व्यावसायिक फुटबॉलमधला एक थोर क्वार्टरबॅक झाला. जॉश ॲलनची कथा जवळजवळ तीच. त्याला अखेर वायोमिंगने घेतले. जे. जे. वॉट दोन ताऱ्यांचा मुलगा. तो एका लहान विद्यापीठात गेला, तेथली शिष्यवृत्ती सोडून विस्कॉन्सिनला स्वतःच्या खर्चाने आला, मधल्या काळात घरोघर पिझ्झा पोहोचविला, आणि पुढे व्यावसायिक संघांतला वर्षातला सर्वोत्कृष्ट बचावपटू हा मान त्याने तीनदा मिळविला. अशा गोष्टी ऐकल्या की ऊर भरून येतो. मला येथे जरा हात आखडता घ्यावासा वाटतो.

एक साधा हिशेब पाहू. आकडे मी केवळ समजुतीसाठी घेत आहे. समजा, पाच ताऱ्यांची मुले तीस, आणि त्यांतली निम्मी, म्हणजे पंधरा, पुढे व्यावसायिक खेळाडू झाली. दोन-तीन ताऱ्यांची मुले दोन हजार, आणि त्यांत विसातले एकच पुढे गेले. म्हणजे किती? शंभर. आता व्यावसायिक संघांत जाऊन पाहणाराला काय दिसेल? पाच ताऱ्यांचे पंधरा आणि दोन-तीन ताऱ्यांचे शंभर. तो परत येऊन सांगेल की, पाहा, ताऱ्यांना काही अर्थ नाही. आणि त्याने प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेले असेल! तरीसुद्धा पाच ताऱ्यांच्या मुलाची संधी दुसऱ्याच्या दसपट होती, हेही तितकेच खरे राहते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. भांडण होते ते, एक जण मागून मोजतो आणि दुसरा पुढून, एवढ्यामुळे. एके काळी आपल्याकडे शालान्त परीक्षेची गुणवत्ता यादी लागत असे, आणि त्यातली मुले पुढे कोठे गेली असे कुत्सितपणे विचारण्याची आपल्याला खोड होती. त्या प्रश्नातही हाच घोळ होता.

पण माझा विषय एकटा मुलगा नाही, संघ हा आहे. आणि संघाचा विचार करू लागताच ताऱ्यांची बाजू एकदम जड होते. एका मुलाविषयीचा अंदाज चुकणे सोपे असते. ऐंशी मुलांविषयीचे अंदाज सगळेच एका बाजूला चुकणे फार कठीण. कोणाचा गुडघा मोडतो, कोणाचे अभ्यासात लक्ष लागत नाही, कोणी घरच्या आठवणीने परत जातो. पण उरलेले पुष्कळ असतात.

अलाबामा विद्यापीठाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. निक सेबन २००७ साली तेथे मुख्य प्रशिक्षक झाले. त्या आधी २००३ च्या हंगामात लुइझियाना स्टेटकडून त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळविलेले होते, तेव्हा माणूस नवखा नव्हता. पण पहिल्या वर्षी संघ सात सामने जिंकला, सहा हरला, आणि त्यांत लुइझियाना-मन्रो या लहानशा विद्यापीठाकडून आपल्याच मैदानावर झालेला पराभवही होता. २००८ च्या भरतीत त्यांनी जी मुले आणली तिच्यात हूलिओ जोन्स हा पाच ताऱ्यांचा मुलगा होता, मार्क इन्ग्रम होता, मार्सेल डेरियस होता. त्याच वर्षी संघ बारा सामने जिंकला. २००९ साली चौदापैकी चौदा! राष्ट्रीय विजेतेपद आले, आणि वर्षातल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूला दिला जाणारा हाइझमन करंडक इन्ग्रमला मिळाला. अलाबामाच्या इतिहासातला तो पहिला. प्रशिक्षक तोच, शिकवण तीच, मैदान तेच. बदलली होती ती मुले. सेबन २०२३ च्या हंगामानंतर निवृत्त झाले, तोपर्यंत अलाबामाने त्यांच्या हाताखाली सहा विजेतेपदे मिळविली, आणि मधली सलग सात वर्षे त्यांची भरती देशात पहिली गणली गेली.

तारे का खरे ठरतात, याचेही उत्तर या खेळाच्या घडणीत आहे. चपळाई थोडीफार वाढविता येते, डावपेच शिकविता येतात. पण साडेसहा फूट उंची शिकविता येत नाही, आणि एकशे चाळीस किलोचा देह घेऊन हरणासारखे सुटणेही शिकविता येत नाही. शिवाय हंगाम लांबलचक. नेहमीचे बारा सामने, आणि २०२४ पासून अंतिम स्पर्धेत बारा संघ घेऊ लागल्यामुळे विजेत्याला सोळाही खेळावे लागतात. मुख्य बावीस गड्यांतले पाच-सहा तरी मधेच जायबंदी होतात. त्यांच्या जागी येणारा दुसऱ्या फळीचा मुलगा कसा आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. आणि सरावाचा लाभ निराळाच. श्रीमंत विद्यापीठात मुख्य गडी रोज ज्यांच्याशी झुंजतात तेही चार-पाच ताऱ्यांचेच असतात. तालमीत जोड चांगला मिळाला की पैलवान तयार होतो, हे या गावाला सांगण्याची गरज नाही.

बड एलियट नावाच्या क्रीडा-पत्रकारांनी या साऱ्याचे एक सोपे माप काढले. गेल्या चार वर्षांत संघाने हायस्कुलातून जी मुले घेतली, त्यांतली चार आणि पाच ताऱ्यांची किती, हे पाहावयाचे. निम्म्याहून अधिक असतील तर तो संघ राष्ट्रीय विजेता होऊ शकतो. नसतील तर नाही. इतके साधे माप पाहून प्रथम हसू येते. पण वर्षामागून वर्षे गेली आणि विजेता प्रत्येक वेळी रेषेच्या वरूनच आला. क्लेम्सन २०१६ साली आला तो रेषेच्या जेमतेम वर होता, मिशिगन २०२३ साली आला तोही तसाच. पण खालून कोणी आला नाही. मात्र हे माप विजेता कोण ते सांगत नाही. रेषेच्या वर दर वर्षी पंधरा ते अठरा संघ असतात, आणि जिंकतो एक. बाकीच्यांचे काय?

त्या बाकीच्यांतले सर्वांत बोलके उदाहरण टेक्सास ए अँड एम या विद्यापीठाचे. २०२२ साली त्यांनी जी भरती केली तिला, तारे मोजण्याची पद्धत सुरू झाल्यापासूनची सर्वोत्तम भरती असे म्हटले गेले. पाच ताऱ्यांची मुलेच अर्ध्या डझनाहून अधिक! आणि त्या वर्षी संघ जिंकला पाच सामने, हरला सात. त्यांत ॲपलाशियन स्टेट या लहान विद्यापीठाकडून घरच्या मैदानावर १७–१४ असा पराभव. त्या भरतीतली बरीच मुले पुढे दुसरीकडे निघून गेली. २०२३ च्या नोव्हेंबरात प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढण्यात आले, आणि कराराप्रमाणे त्यांचे देणे साडेसात कोटी डॉलरांच्या वर निघाले. शिकविण्याचे काम थांबविण्यासाठी इतका पैसा कोणाला मिळाल्याचे मी तरी ऐकलेले नाही. अठरा वर्षांच्या पोरांवर भार टाकून कोणी लगेच जिंकत नाही. तारा हा तीन वर्षांनंतरचा अंदाज असतो, आणि ती तीन वर्षे काढण्याचा धीर लागतो. तो धीर त्या विद्यापीठाजवळ नव्हता आणि मुलांजवळही नव्हता.

आता मी ज्या सामन्याकडे नेहमी वळतो तो सांगतो. ९ जानेवारी २०२३. अंतिम सामना जॉर्जिया विद्यापीठ आणि टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ यांच्यात. टेक्सास ख्रिश्चन आदल्या वर्षी सात सामने हरलेला संघ. या वर्षी तो एकामागून एक अटीतटीचे सामने जिंकत आला होता, उपांत्य सामन्यात त्याने मिशिगनला ५१–४५ असे हरविले होते. एलियटांच्या रेषेखालून कोणी विजेता येणार असेल तर तो हाच, असे पुष्कळांना वाटले. जॉर्जियाने तो सामना ६५–७ असा जिंकला.

यातली खुमारी पुढेच आहे. जॉर्जियाचा क्वार्टरबॅक होता स्टेट्सन बेनेट. हा मुलगा २०१७ साली जॉर्जियात शिष्यवृत्तीवाचून, नुसता ‘मलाही खेळू द्या’ म्हणून आला होता. अशांना तिकडे वॉक-ऑन म्हणतात. उंची सहा फुटांच्या आत. मधे एक वर्ष तो मिसिसिपीतल्या एका लहान महाविद्यालयात जाऊन आला. त्याने २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे जॉर्जियाला मिळवून दिली. मग तारे खोटे ठरले म्हणावयाचे काय? बेनेटच्या भोवती कोण होते तेही पाहा. २०२१ च्या त्या संघातले पंधरा खेळाडू पुढच्या निवडीत व्यावसायिक संघांनी उचलले, आणि पहिल्या फेरीत पाच बचावपटू एकट्या जॉर्जियाचे होते. अर्थात त्या पाचांतला जॉर्डन डेव्हिस हा हायस्कुलात तीन ताऱ्यांचा होता, हेही मी लपवीत नाही. ज्या गड्याचे काम देहाने व्हावयाचे त्याचा अंदाज पुष्कळसा बांधता येतो. क्वार्टरबॅकचे काम डोळ्यांनी, डोक्याने आणि छातीतल्या हिमतीने व्हावयाचे, आणि सतराव्या वर्षी त्याला टेप लावता येत नाही. म्हणून अपवादांच्या कथांत क्वार्टरबॅक वरचेवर भेटतात. ते सर्वांना दिसतात म्हणून अपवादही आपल्याला वाटतात त्याहून अधिक वाटतात.

ताऱ्यांविषयी एक शंका मात्र रास्त आहे, आणि तिची बाजू घेणारांशी मी वाद घालीत नाही. अलाबामाने एखाद्या मुलाला बोलावणे पाठविले की त्याचा भाव वधारतो आणि कधी तारेही वाढतात. म्हणजे चांगले विद्यापीठ चांगल्या मुलांना निवडते, की त्याने निवडले म्हणून मुले चांगली ठरतात? दोन्ही होते. जिंकणाराकडे मुले जातात, मुले आली की तो जिंकतो, आणि हे रहाट फिरत राहते. हे रहाट थांबावे म्हणूनच शिष्यवृत्त्यांना मर्यादा घातली गेली. १९७३ साली ती १०५ होती, पुढे ९५ झाली, नव्वदीच्या दशकात ८५. त्यापूर्वी बलाढ्य विद्यापीठे, मुलगा आपल्याकडे बसून राहिला तरी चालेल पण प्रतिस्पर्ध्याला मिळता कामा नये, अशा हिशेबाने मुले गोळा करीत, असे सांगितले जाते.

इतके बोलून मी थांबलो असतो, तर गेल्या काही महिन्यांपूर्वीपर्यंत माझे व्याख्यान पूर्ण झाले असते. पण मधे इंडियाना घडले.

इंडियाना विद्यापीठाची ख्याती बास्केटबॉलची. फुटबॉलमध्ये, सर्वांत अधिक पराभव नोंदलेले विद्यापीठ अशीच त्याची वर्षानुवर्षे ओळख. आपल्या परिषदेचे विजेतेपद त्यांना १९६७ नंतर मिळालेले नव्हते. २०२३ साली तीन सामने जिंकले, नऊ हरले. त्यानंतर कर्ट सिग्नेटी नावाचे प्रशिक्षक आले. पहिल्या वर्षी अकरा विजय, दोन पराभव. दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या हंगामात, सोळापैकी सोळा. परिषदेच्या अंतिम सामन्यात त्यांनी ओहायो स्टेटला १३–१० असे हरविले, रोझ बाउलमध्ये अलाबामाला ३८–३, पुढे ओरेगनला ५६–२२, आणि १९ जानेवारी २०२६ रोजी मायामीला २७–२१ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतले. ज्या अलाबामाचे गोडवे मी मघाशी गाइले त्या अलाबामाला अवघे तीन गुण! आणि इंडियानाच्या संघात चार-पाच ताऱ्यांच्या मुलांचे प्रमाण होते शेकडा दहाच्याही आत. रेषा होती पन्नासाची.

त्यांचा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा. क्यूबातून आलेल्या कुटुंबांतला मायामीचा मुलगा. त्याच्याच गावच्या विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती दिली नाही. तो येल विद्यापीठात जाण्याचे ठरवून बसला होता, ऐन वेळी कॅलिफोर्नियाचे बोलावणे आले. तेथे खेळून तो इंडियानात आला. हाइझमन करंडक त्याला मिळाला, आणि अंतिम सामना झाला तो मायामीतच, मायामीच्याच संघाविरुद्ध. कादंबरीकाराने असे लिहिले असते तर आपण त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

दुसऱ्या तटाने साहजिकच गुलाल उधळला. तारे गेले, माप गेले, शिकवण जिंकली! मला हा उत्सव थोडा उतावळा वाटतो, आणि तो का वाटतो हेच मला आज मुख्यतः सांगावयाचे आहे.

सिग्नेटी हे निवडीला कमी लेखणारे गृहस्थ नव्हेत. २००७ ते २०१० या काळात ते अलाबामात सेबन यांच्या हाताखाली होते आणि मुलांच्या भरतीचे काम त्यांच्याकडेच होते. २००८ ची ती भरती, जिची कथा मी आपल्याला सांगितली, ती ज्यांनी जमविली त्यांतले हे एक. त्यानंतर मात्र ते वाट वाकडी करून पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले, तेथून इलॉनला, तेथून जेम्स मॅडिसनला. तेरा वर्षे त्यांनी ज्यांच्याकडे तारे येतच नाहीत अशा ठिकाणी काढली. इंडियानाला येताना त्यांनी जेम्स मॅडिसनचे डझनभर खेळाडू बरोबर आणले. त्यांतला इलायजा सॅरट हा सेंट फ्रान्सिस नावाच्या छोट्या विद्यापीठातून सुरुवात करून, एकेक पायरी चढत तिसऱ्या ठिकाणी पोहोचलेला. डँजेलो पाँड्स हा पाच फूट नऊ इंचांचा बचावपटू. ओरेगनविरुद्धच्या सामन्यात पहिल्याच डावाला त्याने प्रतिपक्षाचा चेंडू मधेच पळविला आणि थेट गुण करून आला. या मुलांना सतराव्या वर्षी कोणी फारसे तारे दिले नव्हते. पण सिग्नेटींनी त्यांना सतराव्या वर्षी निवडलेलेच नव्हते. एकवीस-बावीस वर्षांची, महाविद्यालयीन सामन्यांत दोन-तीन वर्षे खेळून दाखविलेली मुले त्यांनी घेतली. तारा म्हणजे पुढे काय होईल याचा अंदाज. यांच्याजवळ काय झाले याची नोंद होती. इंडियानात निवड तितकीच कडक होती. ती चार वर्षे उशिरा झाली, इतकेच.

ती उशिरा करता आली, कारण मधल्या काळात नियम बदलले. पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्या मुलाला एक वर्ष बसून काढावे लागे. २०२१ पासून ती अट सैल झाली. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे मिळविण्याची मुभा मिळाली, आणि २०२५ पासून विद्यापीठे उघडपणे आपल्या उत्पन्नातला वाटा खेळाडूंना देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा विद्यापीठामागे दोन कोटी पाच लाख डॉलर. इंडियाना म्हणजे काही गरीब बिचारे विद्यापीठ होते असे समजू नये. त्यांनी सिग्नेटींना वर्षाला एक कोटी डॉलरांहून अधिक देण्याचा करार केला आहे. पैसा निवडीत पूर्वीही होता. आता तो एकवीस वर्षांच्या तयार गड्यामागे धावू लागला.

म्हणून मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे की, गुणी खेळाडूंवाचून कोणी जिंकत नाही, आणि गुणी खेळाडू ओळखण्याचे सतराव्या वर्षी मिळणारे सर्वांत बरे साधन अजूनही तारे हेच आहे. मात्र सतराव्या वर्षीच ओळखले पाहिजे ही सक्ती आता उरली नाही. एलियटांचे माप हायस्कुलातून येणाऱ्या मुलांचे आहे. दुसऱ्या विद्यापीठांतून आलेले तयार खेळाडू त्याच्या तागडीत पडतच नाहीत. त्या मापावर इंडियाना हलके दिसले ते त्यामुळे.

या बदलाचा फायदा कोणाला आणि तोटा कोणाला, हे पाहिले म्हणजे विजयोत्सवाचा रंग थोडा उतरतो. उशिरा उमलणाऱ्या मुलाला आज वर चढण्याची शिडी आहे, हे मोठेच काम झाले. सॅरटसारखा मुलगा पूर्वी होता तेथेच राहिला असता. पण ज्या लहान विद्यापीठाने त्याला घडविले, त्याच्या हातून तो पीक तयार होण्याच्या वेळीच जातो. जेम्स मॅडिसनने पेरले आणि इंडियानाने कापले, असे म्हटले तर ते फार कठोर होणार नाही. आणि प्रशिक्षकाला जर बावीस वर्षांचा तयार गडी मिळत असेल, तर अठरा वर्षांच्या तीन-ताऱ्यांच्या मुलाला तीन वर्षे पोसत कोण बसेल? पाच ताऱ्यांच्या मुलाला अजूनही सगळे घेतील. मधल्या मुलाचे दार अरुंद होत चालले आहे. ज्याच्या नावावर इंडियानाचा विजय साजरा झाला तोच हा मुलगा.

आणखी एक नियम मला येथे सांगितला पाहिजे, कारण वर्तमानपत्रांनी त्याला कोपऱ्यात जागा दिली. २०२५ च्या ज्या न्यायालयीन समझोत्याने पैशाचा वाटा दिला, त्याच समझोत्याने ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा काढून टाकली आणि तिच्या जागी संघातल्या एकूण माणसांची मर्यादा घातली: १०५. वरवर पाहता हा आकडा वाढला. पण पूर्वी शिष्यवृत्तीच्या ८५ मुलांखेरीज वॉक-ऑन मुले कितीही ठेवता येत, आणि मोठ्या संघांत सगळी मिळून सव्वाशेच्या आसपास मुले सहज असत. शिष्यवृत्ती नाही, सामन्यात क्वचित संधी, पण रोज सरावाला उभे राहावयाचे आणि कोणी पाहील याची वाट पाहावयाची. स्टेट्सन बेनेट जॉर्जियात शिरला तो याच दाराने. नव्या मर्यादेमुळे अशा मुलांना नारळ मिळू लागला तेव्हा न्यायाधीशांनी हरकत घेतली, आणि तोड अशी निघाली की, समझोत्याच्या वेळी ज्यांच्या जागा गेल्या किंवा जाणार होत्या त्यांची नावे यादीत घालावयाची, आणि त्यांचे खेळण्याचे दिवस संपेपर्यंत त्यांना १०५ मध्ये मोजावयाचे नाही. त्या यादीतली मुले दोन-चार वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडतील. नवी नावे तीत घालता येत नाहीत.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे. प्रश्नांसाठी दहा मिनिटे ठेवली आहेत, ती मी खाऊ इच्छीत नाही.